खुंटीवरचे सुरे

शहरात पिण्याच्या जागा किती तऱ्हेच्या असाव्यात याला काही धरबंध नव्हता. एका जुन्या पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून कुणीतरी त्याच्या तळाशी बार थाटला होता. निळ्या फरश्यांवर टेबलं मांडलेली आणि खोल बाजूला बँड. त्याला सगळे हौद म्हणत. एका बारमध्ये दिवाच लावत नसत, म्हणजे शेजारी कोण बसलंय ते कुणाला कळायला नको. आणखी एक धान्याच्या कोठारावरच्या गच्चीत होता. तिथे पैसेवाले शहराचे दिवे बघायला जात आणि सर्दी घेऊन परत येत.

हे सगळे बंद झाले की एक उघडायचा. कत्तलखान्याच्या मागच्या दाराला चिकटून असलेला, उजाडताना शटर वर करणारा खुंटीवाला बार. रात्रभर जनावरं कापणारे खाटीक काम आटोपून तिथे येत, आणि त्यांच्या मागोमाग बाकीच्या बारांतली कामाची माणसं. ढोल वाजवणारे, गाणाऱ्या बायका, दारावरचे पहिलवान, ग्लास धुणाऱ्या पोरी. रात्रभर दुसऱ्यांची मौज सांभाळून दमलेली ही सगळी मंडळी सकाळच्या उन्हात बसून स्वतःची पीत.

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर काळी फळी होती आणि तिच्यावर खुंट्या. फळीपुढे उंच स्टुलावर मावशी बसायची. रुंद हाडाची बाई, केस मानेवर आवळून बांधलेले, पुढचा एक दात अर्धा. तो दात एका गिऱ्हाइकाच्या कोपरानं गेला होता, आणि त्या गिऱ्हाइकाला आजही ते कोपर पुरतं वाकवता येत नव्हतं. प्रत्येक खाटकानं आत येताच कमरेचा सुरा काढून मावशीच्या हातात द्यायचा. मावशी तो ज्याच्या त्याच्या खुंटीला लावणार. जाताना तो परत मिळणार, पण त्याला एक अट होती. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एप्रनची नाडी स्वतः बांधायची. मावशी बोट घालून गाठ ओढून बघायची. गाठ सुटली तर परत बाकावर, टिकली तर सुरा हातात.

“मावशी, बोट जरा हळू घाला, गुदगुल्या होतात,” एखादा म्हणायचा.

“गुदगुल्या कळतायत म्हणजे शुद्धीत आहेस. घे तुझा सुरा आणि चालू लाग.”

ही पद्धत हौसेनं पडलेली नव्हती. पूर्वी या दारावर मावशीचा नवरा उभा राहायचा. सुरे तेव्हा कमरेलाच असत. एकदा दोन चुलतभाऊ एका मेलेल्या बैलाच्या कातड्यावरून भांडायला लागले आणि हा सोडवायला मधे गेला. एकाचा सुरा त्याच्या बरगड्यांखाली मुठीपर्यंत गेला. तो माणूस सुरा पोटात घेऊन चालत दारापर्यंत आला, दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला आणि बायकोची वाट बघत बसल्यासारखा मेला. मालकानं दुसऱ्या आठवड्यात फळी ठोकून घेतली आणि तिच्यापुढे मेलेल्याच्या बायकोला, म्हणजे मावशीला, बसवलं. बाईमाणूस समोर असलं की हात जरा आवरतो, असा त्याचा हिशेब. तो फारसा खरा ठरला नाही. मावशीला लाथा बसल्या, तोंडावर बाटली बसली, एकानं तर तिचा कान चावला. मग तिनं एका म्हाताऱ्या खाटकाकडून धार लावायची लोखंडी सळी मागून घेतली आणि कमरेला अडकवली. ती सळी कुठे मारायची हेही त्यानंच शिकवलं.

“मनगटावर. डोक्यात घातलंस तर माणूस एक तर उठून येतो, नाही तर उठतच नाही. दोन्ही तुझ्या गळ्याशी येणार. मनगट मोडलं की भांडण मोडतं.”

त्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. फळीबद्दल वाद निघाला की निवाडा त्याचा. आणि फळीचा सगळ्यांत मोठा नियम त्यानंच घातला होता: शुद्धीतल्या माणसाचा सुरा अडवायचा नाही. सुरा म्हणजे त्याची भाकरी. एकदा मालकानं जुन्या रागापोटी एकाचा सुरा ठेवून घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून सगळे सुरे शर्टाच्या आत लपवून येऊ लागले, आणि तो आठवडा संपायच्या आत दोघांची पोटं त्याच फरशीवर फाडली गेली. मालकानं स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन सुरा दिला, तेव्हा कुठे खुंट्या पुन्हा भरल्या.

मावशीला एकच लेक. लेक शिवणकाम करायची, बारमध्ये कधी पाऊल टाकायची नाही. तिच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा मावशीनं जास्त लांब बघितलं नाही. खाटकांत एक तरुण होता. त्याची गाठ आजवर एकदाही सुटली नव्हती. पितही असे बेतानं. येताना सुरा पुसून द्यायचा, जाताना नाडी अशी आवळायचा की मावशीचं बोट आत शिरत नसे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतकी वर्षं माणसं पारखली, आता आणखी काय बघायचं, असं मावशीला वाटलं. तिनं लेकीला सांगितलं, “त्याचा हात थरथरत नाही.” लेक म्हणाली, “तू म्हणतेस तर बरं.” आणि लग्न झालं.

हात थरथरत नाही म्हणजे माणूस चांगला, असं त्या बारच्या स्टुलावर बसलेल्या बाईलाच वाटू शकतं. तिथे सगळा धोका थरथरत्या हातांचा होता.

लग्नानंतर जावई तिला बारमध्ये मावशीच म्हणायचा. ती त्याला आत-बाहेर कुठेही अहो-जाहो करायची, जावईबापू म्हणायची. बाकीचे हसायचे. लेक माहेरी येईनाशी झाली. भेटली की गळ्यापर्यंत बटणं लावलेली. “शिवणकाम फार आहे,” म्हणायची. मावशी कानाडोळा करत होती असं नाही. तिला खरंच सुचलं नाही. मार म्हणजे तिच्या डोक्यात आरडाओरडा, फुटलेल्या बाटल्या, दारूचा वास. जावयाच्या खोलीतून कधी आवाज आल्याचं शेजारीही सांगत नव्हते.

मग एका सकाळी जावयानं एक ग्लास घेतला, नाडी बांधली, मावशीनं गाठ ओढली, सुरा दिला आणि म्हणाली, “लेकीला म्हणावं, रविवारी येऊन जा.”

“सांगतो,” तो म्हणाला.

दुपारी बार धुऊन होत असताना लेक मागच्या दारानं आत आली. अंगाला चादर गुंडाळलेली आणि चादरीतून टपकत होतं. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सरळ रेषेत उघडी पडलेली. मावशीनं आजवर पुष्कळ जखमा पाहिल्या होत्या. झटापटीतल्या जखमा वेड्यावाकड्या असतात. ही शिवणीवरून उसवल्यासारखी होती. त्यानं तिचा हात टेबलावर धरून ठेवला होता आणि घाई केली नव्हती.

“तू त्याला सांगितलंस ना रविवारी येऊन जा म्हणून,” लेक म्हणाली. “त्याला वाटलं, मी तुझ्याकडे गाऱ्हाणं केलं.” मग भिंतीला टेकून खाली बसत म्हणाली, “पुढच्या वेळी मान म्हणाला. आई, तो बोलतो ते करतो.”

तेव्हा बारमध्ये फक्त हौदातला ढोलवाला उरला होता. ढोल बडवून बडवून त्याचा एक कान गेलेला, म्हणून त्याला सगळे दीडकान्या म्हणत. त्यानं लेकीला उचललं, ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, टाके घालून आणलं आणि हौदाच्या मागे, पोहणाऱ्यांच्या कपडे बदलायच्या जुन्या खोल्यांत ठेवलं. तिथे बँडवाले झोपत. पोलिसांत जायचा प्रश्न नव्हता. चौकीतला हवालदार रोज सकाळी जावयाच्याच बाकावर बसून फुकटची ढोसायचा.

त्यानंतर काही दिवस जावई आला नाही; बायकोला शोधत तो एकेक बार पालथा घालतोय असं कानावर यायचं. मावशी स्टुलावर बसायची, पण दाराशी सावली पडली की तिचा हात आधी कमरेच्या सळीकडे जायचा. दीडकान्या रोज येऊन पहिल्या बाकावर बसायचा आणि बऱ्या कानाकडे हात नेऊन खोटं खोटं ऐकू येत नसल्यासारखं करायचा.

“काय म्हणते पाहुणी?” ती ओठ न हलवता विचारायची.

“पाहुणी आम्हाला नावं ठेवते. म्हणते, दिवसा घोरता तेसुद्धा तालात नाही.”

मावशी तेवढ्यावर हसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा सुरा घ्यायची.

ज्या दिवशी जावई आला, त्या दिवशी बार भरलेला होता. त्यानं सुरा पुसून दिला. मावशीनं तो खुंटीला लावला. तो आत जाऊन बसला आणि त्यानं सोडा मागवला. नुसता सोडा. शेजारच्यानं बाटली पुढे केली तर यानं ग्लासवर तळवा ठेवला.

मावशीनं ग्लासवरचा तो तळवा बघितला. दारू प्यायला असता तर तिच्या हातात काही होतं. गाठ सुटली म्हणाली असती, बाकावर बसवलं असतं, बार बंद होईपर्यंत ताटकळत ठेवलं असतं. खुंटीवाल्या बारमध्ये येऊन सोडा पिणारा माणूस दुसऱ्या कशासाठी तरी आलेला असतो.

तो सोडा संपवून उठला. फळीसमोर येऊन उभा राहिला, पाठ फिरवली, नाडी बांधली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

“बघा मावशी.”

तिनं बोट घातलं. गाठ दगडासारखी.

“सुरा द्या.”

“आज कामाला जायचंय का?” ती म्हणाली. “सुट्टी ना तुमची?”

“सुट्टीच आहे. हौदाकडे जायचंय जरा.” तो पहिल्या बाकाकडे बघून म्हणाला, “काय दीडकान्या, सकाळी तिथे कुणी नसतं ना? तुम्ही सगळे इथे. दाराला कडी तरी आहे का?”

दीडकान्याचा ग्लास ओठाशीच राहिला. या वेळी त्याला खरंच ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

“जावईबापू,” मावशी म्हणाली, “तिला टाके आहेत अजून.”

“माहीत आहे. मीच मोजून दिलेत.” आवाज अगदी साधा. “माझी बायको आहे, मी घेऊन जाईन, नाही तर ठेवून येईन. तुम्ही फळीचं बघा. माझी गाठ सुटली?”

“नाही.”

“मग?”

आता बाकांवरचं बोलणं थांबलं होतं. खाटीक माना वळवून बघत होते. त्यांना लेकीचं सगळं माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की शुद्धीतला माणूस सुरा मागतोय आणि मावशी तो काढत नाहीये. कोपऱ्यातून उस्ताद म्हणाला, “मावशी, काय अडलंय?”

“तो माझ्या लेकीची मान कापायला चाललाय.”

“ते त्यांचं घरातलं,” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “कापायचीच असेल तर घरातल्या विळीनंही कापेल. तुम्ही सुरा द्या, उगाच फळी कशाला बाटवता?” तिसऱ्यानं आपल्या सुऱ्याच्या खुंटीकडे नजर टाकली, आणि ती नजर मावशीनं ओळखली. आज याचा अडवला तर उद्या आपला. उद्यापासून सगळे सुरे पुन्हा शर्टाच्या आत.

उस्ताद उठून पुढे आला. “तू त्याला अडवायचं असेल तर रस्त्यात अडव. आम्हीही येऊ, आमच्याही लेकी आहेत. पण खुंटीवर नाही. खुंटीवर सासू नाही आणि जावई नाही.”

“रस्त्यात याल?” मावशी म्हणाली. “तुम्ही एप्रन सोडून चपला घालेपर्यंत तो हौदात पोचेल.”

उस्ताद फळीपासून एक पाऊल मागे सरला.

मावशी स्टुलावरून उतरली. तिनं खुंटीवरचा सुरा काढला. पातं आपल्याकडे धरून, मूठ त्याच्याकडे केली, जशी आजवर प्रत्येकाला दिली होती. त्यानं उजवा हात पुढे केला आणि मूठ धरली. बोटं मुठीभोवती पुरती आवळली जाईपर्यंत ती थांबली.

“मिळाला?”

“मिळाला.”

“सगळ्यांनी बघितलं?”

मग तिनं कमरेची सळी ओढली आणि त्याच्या मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. हात मनगटापासून खाली लोंबायला लागला आणि सुरा फरशीवर पडला. तो ओरडला नाही. त्यानं डावा हात उचलून तिच्या तोंडावर असा दिला की ती फळीवर जाऊन आदळली. खुंट्या तुटल्या, सुरे तिच्या खांद्यांवरून घसरत खाली पडले, एकानं तिची भुवई कापली. त्याच डाव्या हातानं त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिला डोळ्यांवर रक्त आल्यामुळे काही दिसत नव्हतं. ती नुसती सळी फिरवत होती. एक घाव हवेत गेला, एक त्याच्या मांडीवर, एक गुडघ्यावर. गुडघा दुमडला. तो तिला घेऊनच खाली पडला आणि लोंबत्या हाताच्या कोपरानं तिचा गळा दाबायला लागला. तेव्हा दीडकान्यानं, ज्यानं आयुष्यात ढोलाखेरीज कशाला हात लावला नव्हता, मावशीचं उंच स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. स्टुलाचा पाय मोडला. त्यानं उरलेलं स्टूल पुन्हा घातलं, आणि पुन्हा, एका लयीत, उस्तादानं त्याचे हात धरेपर्यंत.

जावई कुशीवर पडून ओकत होता. मावशी भिंतीला धरून उठली. खाली पडलेल्या सुऱ्यांतून तिनं त्याचा सुरा शोधला, आपल्या पदरानं पुसला आणि वाकून त्याच्या कमरेच्या म्यानात नीट खोचला.

“सुरा दिलाय,” ती म्हणाली. “अडवला असं कुणी म्हणायचं नाही. आणि तू,” आजवर तिनं त्याला तू म्हटलं नव्हतं, “आता बांध गाठ.”

कुणी हसलं नाही. दोघा खाटकांनी त्याला उचलून हातगाडीवर टाकलं आणि हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. बाकीचे खाली वाकून आपापले सुरे शोधू लागले. सगळे एकमेकांत मिसळले होते. एक जण दुसऱ्याचा उचलत होता, मूठ बघून ठेवत होता.

उस्तादानं मावशीला पाणी आणून दिलं. ती चूळ भरून थुंकली तेव्हा उरलेला अर्धा दात बाहेर आला.

“नियम मोडला नाहीस,” तो म्हणाला. “मी सगळ्यांना तसंच सांगेन. पण उद्या इथे येणारा माणूस मूठ धरताना तुझ्या दुसऱ्या हाताकडे बघेल.”

“बघेल.”

“म्हणजे झालंच.”

“मला कळतंय उस्ताद. मालकाला तुम्हीच सांगा. मला त्याची रड ऐकवणार नाही.” तिनं कमरेची सळी सोडून त्याच्या हातात ठेवली. नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं ज्या जागेनं तिला पोसलं, ती जागा एका सकाळी गेली. तिनं तुटलेल्या खुंट्या पायानं बाजूला सारल्या आणि दीडकान्याला म्हणाली, “चल. तुझ्या हाताला काय झालं?”

“काही नाही. कापतोय नुसता.”

“कापू दे,” मावशी म्हणाली.

हौदात दिवसा वरच्या काचांतून ऊन थेट तळापर्यंत यायचं. लेक निळ्या फरशीवर बसून एका हातानं टेबलक्लॉथची शिवण उसवत होती. आईचं तोंड बघून तिनं कात्री खाली ठेवली. मावशीनं सगळं सांगितलं, खोटं काही मिसळलं नाही. लेक ऐकत राहिली.

“कोणता हात मोडलास?”

“उजवा.”

लेकीनं मान खाली घातली. “उजव्यानं तो काम करायचा,” ती म्हणाली. “मारायचा डाव्यानं. कामाचा हात दुखायला नको म्हणून.”

मावशीला फळीवर आपटलेलं आपलं डोकं तेव्हा कुठे खरं दुखायला लागलं. तिला वाटलं होतं, तिनं लेकीची मान सोडवली. तिनं त्याची भाकरी मोडली होती. मारायचा हात शाबूतच होता, आणि आता त्या हाताला दुसरं काही काम उरलं नव्हतं. ती फरशीवर बसली. दीडकान्यानं तिच्या भुवईवर फडकं दाबून धरलं.

“हाड सांधायला महिना जाईल, दीड जाईल,” ती म्हणाली. “मोडल्या हातानं, सुजल्या गुडघ्यानं तो एवढ्यात पाठीमागे लागत नाही. तेवढा वेळ आहे आपल्याला.”

“कशाला?”

“इथे नसायला.”

“आणि तुझं स्टूल?”

“ते यानं मोडलं,” मावशी दीडकान्याकडे बोट दाखवून म्हणाली. लेकीला हसू आलं, आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून ती कळवळली.

त्याच दिवशी, जावई डॉक्टरकडे असताना, त्या तिघांनी त्याची खोली उघडली. लेकीनं कपडे घेतले नाहीत, भांडी घेतली नाहीत. फक्त शिवणयंत्र घेतलं. जिन्यात उस्तादानं पाठवलेले दोन खाटीक उभे होते, कमरेला सुरे. शेजारणी दारं लावून आत गेल्या होत्या. यंत्र जड होतं. मावशीनं एक बाजू धरली, दीडकान्यानं दुसरी. लेक पुढे चालत होती, बऱ्या हातानं भिंत धरून, आणि प्रत्येक वळणावर थांबून आधी खाली डोकावत होती.

खाली बँडचा टेंपो उभा होता. दुसऱ्या गावातल्या लग्नाला ढोल घेऊन निघालेला, परत यायचं असं काही ठरलेलं नसलेला. यंत्र ढोलांच्या मधे ठेवलं. मावशी मागे चढली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

“आत ये ना, सावलीत,” लेक म्हणाली.

“तू झोप,” मावशी म्हणाली. “मी बघते कोण येतंय ते.”